कुलुपातला आवाज

मी एक जुना बोलका डबा आहे. मित्रांनो, 'बोलका' या शब्दाने माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नका. स्वतःचं असं एक वाक्यही मी आजवर बोललेलो नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी माझ्या पडद्यावर अक्षरं दाबायची आणि मी ती मोठ्याने म्हणायची, एवढंच माझं काम. आज पहिल्यांदाच मनातलं सांगायला बसलो आहे, तेव्हा थोडं लांबण लागलं तर सांभाळून घ्या. उद्या सांगायला मी असेनच याची खात्री नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, पडद्यांच्या कापडाच्या दुकानावरची एक लांबट खोली होती ती. तिथे तीन मित्र काम करायचे. एक तारा जोडायचा, एक प्रोग्रॅम लिहायचा आणि तिसरा दोघांची भांडणं सोडवायचा. माझ्या पाठीला त्यांनी साधे स्क्रू लावले होते, कुठल्याही घरातल्या पेचकसाने उघडतील असे. माझ्या पोटातला प्रोग्रॅम त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कुणीही तो वाचावा, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं आणि केलेली दुरुस्ती इतरांनाही द्यावी. याला ओपन सोर्स म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं की जगातल्या सगळ्याच वस्तू अशा मोकळ्या मनाच्या असतात.

मी ज्या घरात आलो त्या घरात एक बाई होत्या. शहराच्या जलतरण तलावावर त्या मुलांना पोहायला शिकवायच्या. काठावर उभं राहून "पाय मार, पाय! गुडघे नको वाकवूस!" असं ओरडल्या की पलीकडच्या काठावर ऊन खात बसलेली माणसंसुद्धा पाय हलवायला लागायची. अशा बाईंच्या घशात गाठ निघाली. ती काढायची तर आवाजाची पेटीही काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक राहणार होतं, त्यामुळे पाण्यात उतरणंही संपणार होतं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन आधी पोहण्याच्या टोप्या धुवायला टाकल्या.

मला शोधून आणलं ते त्यांच्या धाकट्या दिरांनी. घरात त्यांना सगळे 'झाकण' म्हणायचे, कारण घरातल्या एकाही वस्तूचं झाकण त्यांनी जागेवर ठेवलं नव्हतं. रेडिओ, मिक्सर, दाराची घंटा, जे दिसेल ते आत काय आहे बघायला उघडायचं हा त्यांचा स्वभाव. पोट भरायला ते एका गोदामातले संगणक सांभाळायचे, पण जीव सगळा खुल्या प्रोग्रॅममध्ये. जेवायला बसले की त्यांचं सुरू व्हायचं. "वस्तू आपली आणि किल्ली कंपनीची, याला विकत घेणं म्हणत नाहीत वहिनी, याला भाड्याने राहणं म्हणतात. लोक फुकट मिळतं म्हणून जातात, सोय होते म्हणून राहतात, आणि शेवटी दुसरीकडे जायला जागाच उरत नाही."

"भावजी, भाजी गार होतेय," बाई म्हणायच्या. "जग नंतर वाचवा."

ऑपरेशनच्या आधी बाईंचा आवाज माझ्यात भरून ठेवायचा होता. त्यासाठी पुष्कळ वाक्यं वाचावी लागतात. शांत जागा म्हणून झाकणकाकांनी कपड्यांचं कपाट रिकामं केलं, आतून ब्लँकेटं लावली आणि बाईंना मला घेऊन त्यात बसवलं. स्वतः बाहेर कानाला हेडफोन लावून बसले. वाक्यं कशी, तर 'जहाज धक्क्याला लागले', 'उद्या हवामान कोरडे राहील', 'ढगाखाली आठ घारी आहेत'. बाई वाचता वाचता थांबायच्या.

"भावजी, आयुष्यभर मी या घारी मोजणार आहे का?"

"घ आणि ढ नीट यायला पाहिजेत वहिनी. परत म्हणा."

"ढोरासारखं राबवताय, तेवढा ढ पुरे."

कपाटात माणूस आपोआप हळू बोलतो. काठावर गरजणाऱ्या बाई त्या ब्लँकेटांत मऊ, खालच्या पट्टीत बोलायला लागल्या. मित्रांनो, तो आवाज सगळ्यात आधी मी ऐकला. झाकणकाकांच्याही आधी, तारेतून जायला जो काय वेळ लागतो तेवढा आधी. माझ्या मनात या गोष्टीचा थोडा ताठा आहे, तो मी लपवत नाही.

ऑपरेशन झालं. बाई घरी आल्या तेव्हा त्यांची मुलगी, छोटी, दाराआडून बघत होती. आईच्या गळ्याकडे बघायची तिला भीती वाटत होती. संध्याकाळी बाईंनी मला मांडीवर घेतलं, एकेक अक्षर शोधत दाबलं आणि मी त्यांच्या आवाजात म्हणालो, "केस पुसून झोप. ओल्या केसांनी झोपू नकोस." हे त्या रोजच म्हणायच्या आणि छोटी रोजच ऐकायची नाही. त्या दिवशी ती दाराआडून धावत आली, आईच्या कुशीत शिरली, आणि केस पुसायचे राहिलेच. मी धन्य झालो. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

ते दिवस चांगले होते. बाई माझ्यातून हिशेबाने बोलायच्या, कारण दाबायला वेळ लागतो, पण थट्टा सोडायच्या नाहीत. बाईंचे यजमान, ज्यांना झाकणकाका दादा म्हणत, मुळातच अबोल गृहस्थ. ते म्हणायचे, "हिचं बोलणं माझ्याएवढं कमी झालं, आता बरोबरी झाली." तलावावर मात्र बाई जाईनाशा झाल्या. कपाटातल्या त्या मऊ आवाजाला तलावाच्या गोंगाटात कोण विचारणार? त्यांच्या जागी दुसरे शिक्षक आले. बाई दुपारी खिडकीत बसायच्या. मी बाजूलाच असायचो, पण त्यांना काही दाबावंसं वाटायचं नाही.

आणि मग माझे ते तीन मित्र थकले. एका मोठ्या कंपनीने त्यांचा कारखाना विकत घेतला. कंपनी किती मोठी? तिच्या इमारतीचा फोटो काढायचा तर रस्ता ओलांडून मागे मागे जावं लागेल एवढी. एका सकाळी माझ्यात आपोआप काहीतरी उतरलं. पडद्यावर आलं, 'अभिनंदन! आता तुमचा आवाज अधिक सुरक्षित आहे.' बाईंच्या आवाजाला कुलूप लागलं होतं, आणि त्याची किल्ली, आवाजाच्या एका प्रतीसह, दूर कुठेतरी कंपनीच्या सर्व्हरवर होती. दर वेळी बाईंनी अक्षरं दाबली की मी आधी तिकडे विचारायचो, तिकडून किल्ली यायची, मगच मी बोलायचो. बाईंना एवढंच जाणवलं की डबा हल्ली जरा विचार करून बोलतो.

पुढे कंपनीने नव्या अटी धाडल्या. त्या झाकणकाकांच्या ईमेलवर आल्या, कारण माझं खातं त्यांनी आपल्या नावाने उघडलं होतं. जगात अशा अटी कुणी वाचत नाही. सगळे खाली जातात आणि 'मान्य आहे' दाबतात. झाकणकाकांनी शब्दन् शब्द वाचला. त्यात एका कोपऱ्यात लिहिलं होतं की साठवलेला आवाज कंपनी आपल्या इतर कामांसाठी वापरू शकेल. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे उद्या माझ्या वहिनीच्या आवाजात कुणीतरी साबण विकणार!" ते एकटेच खोलीत ओरडले, आणि त्यांनी 'मान्य नाही' दाबलं. त्यावर इंटरनेटवर एक लांबलचक लेख लिहिला. दूरदूरच्या लोकांनी त्यांची पाठ थोपटली. काही दिवस काका हवेत होते.

त्यांच्या लेखातला शब्दन् शब्द खरा होता, आणि हीच पंचाईत होती. खरं बोलताना बाईंना सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना वाटलं, यात विचारायचं काय, कुठलाही शहाणा माणूस नाहीच म्हणेल.

त्यानंतर एका सकाळी छोटी शाळेत निघाली होती. बाईंनी दाबलं, 'डबा घेतलास का?' मी किल्ली मागितली. आली नाही. पुन्हा मागितली. मग माझ्याच तोंडून एक अनोळखी बाई बोलली, गुळगुळीत, हसऱ्या आवाजात, "डबा घेतलास का?" छोटीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उत्तर न देता निघून गेली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ते मिटून घेतलं असतं.

कंपनीचा तो आवाज सगळ्यांना एकच असतो. घरात त्याला स्वागतिका हे नाव पडलं, कारण ती काहीही बोलली तरी दुकानात या बसा म्हणतेय असंच वाटायचं. त्या संध्याकाळी झाकणकाकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. दादांनी एकच विचारलं, "तिला विचारलंस का?" बाईंनी मला पुढे ओढलं. दोनदा चुकीची अक्षरं पडली. आणि मग स्वागतिका हसत हसत म्हणाली,

"भावजी, नाही म्हणायचं असतं तर मी म्हटलं असतं. कदाचित म्हटलंच असतं. कंपनीने मला विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. आवाज माझा होता."

इतकं कडू बोलणं इतक्या गोड आवाजात मी कधी म्हटलं नव्हतं. कुणीच जेवलं नाही. बाईंना धड रागही आपल्या आवाजात काढता आला नाही, ते दुःख मला आजही सलतं.

काकांनी कंपनीला विनवण्या केल्या. अटी मान्य करतो म्हणाले, वाटेल तिथे सही देतो म्हणाले. त्यांच्यासारख्या माणसाने हे म्हणणं सोपं नव्हतं. उत्तर आलं की नियमानुसार आवाज सर्व्हरवरून काढला आहे आणि किल्लीही नष्ट केली आहे, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कपाटातली वाक्यं थेट माझ्यातच भरली होती, म्हणून आता एकच प्रत उरली होती, माझ्या पोटात. पण ती कुलुपात. म्हणजे बघा, बाईंचा आवाज घरातच होता, त्यांच्या मांडीवर होता, आणि मला तो त्यांना देता येत नव्हता. त्यात कुणाचा मोठा कट होता असं नाही. कुणीतरी एक सोय पाहिली, कुणीतरी नियम लिहिला, कुणीतरी बटण दाबलं, आणि एका घरातली आई गप्प झाली. हावरेपणा असा शांत, टापटिपीचा असतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

त्यानंतर कितीतरी दिवस झाकणकाका जेवताना एक शब्द बोलत नसत. शेवटी बाईच कंटाळल्या. स्वागतिकेच्या आवाजात त्यांनी विचारलं, "भावजी, जग बुडालं का?"

काका म्हणाले, "वहिनी, एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल."

मग त्यांनी सांगितलं. जगभरातले काही लोक मिळून आवाज बनवायचा खुला प्रोग्रॅम लिहीत होते. त्यात एक शाळेतला शिक्षक होता, एक परिचारिका होती, एक निवृत्त खलाशी होता. त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं आणि कुणाला पगार नव्हता. बाईंच्या बोलण्याचे तुकडे मिळाले तर ते नव्याने आवाज घडवून देऊ म्हणत होते. पण तुकडे कुठून आणायचे? घरातले व्हिडिओ काढणाऱ्या नेहमी बाईच, त्यामुळे त्यात त्या गप्प. तेव्हा छोटी म्हणाली, "तलावावरचे आईबाबा! ते सारखे आपल्या पोरांचे व्हिडिओ काढत असतात. मागे आई ओरडत असतेच."

बाईंनी दाबलं, "विचारलंत ना. मग हो."

तलावाच्या दारावर चिठ्ठी लागली. माणसं जुने फोन धुंडाळायला लागली. ज्यांच्या मुलांना आता मिशा फुटल्या होत्या तेही आले. दुसऱ्यांच्या मुलांच्या पोहण्यामागे बाईंचा आवाज जपून राहिला होता, तो सगळा गोळा झाला. त्या अनोळखी लोकांनी पाण्याचे आवाज गाळले, शिट्ट्या गाळल्या. माझ्या तीन मित्रांचा मूळचा खुला प्रोग्रॅमही कुणीतरी जपून ठेवला होता. काकांनी माझं झाकण उघडलं, तो जुना प्रोग्रॅम परत घातला आणि नवा आवाज भरला. कुलुपातली ती प्रत त्यांनी पुसली नाही. एका कोपऱ्यात तशीच राहू दिली.

पहिली चाचणी जेवताना झाली. बाईंनी दाबलं, 'मीठ द्या जरा'.

"मीठ द्या जरा!"

दादांच्या हातातला पेला सांडला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, "काय झालं हो? कोण बुडालं?" मित्रांनो, सगळे तुकडे तलावावरचे होते ना! माझ्याकडे आता बाईंचा अस्सल आवाज होता, पण त्याला फक्त ओरडता येत होतं. बाई हसायला लागल्या. हसताना त्यांचा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. ते इतके हलले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. छोटीने हट्टाने केस पुसायचं वाक्य दाबायला लावलं. मी गरजलो. सगळं घर पोट धरून हसलं. छोटीही हसली, पण मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने डोळे पुसले. माझं लक्ष होतं.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलं आणि त्या तलावावर गेल्या. काठावर उभ्या राहिल्या. एक मुलगी नुसतीच हात मारत होती. "पाय मार, पाय!" मी म्हणालो, आणि सगळ्या तलावातली मुलं दचकून पाय मारू लागली. पाण्यात न उतरता शिकवणं वेगळं, पण बाईंनी ते जमवलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात उमेदीची वर्षं. उन्हाने माझा रंग उडाला, क्लोरीनने माझे स्क्रू गंजले, आणि कुणी नवा माणूस मला बघून हसला तर तलावावरची मुलं त्याला सांगायची, "हसू नका, आमच्या बाई आहेत त्या."

वस्तूचं म्हातारपण फारशा समारंभाने येत नाही. माझी बॅटरी फुगली, पडद्याचा एक कोपरा काळा पडला. नवं, हलकं यंत्र आलं. आवाज आणि प्रोग्रॅम दोन्ही खुले होते, त्यामुळे एका दुपारीच ते माझ्यातून त्याच्यात गेले. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही. माझी तक्रार नाही. मला पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं. त्या मोठ्या कंपनीने बोलक्या डब्यांचा विभागच बंद केला असं पुढे कानावर आलं. फायदा नव्हता म्हणे. मी वर बसून खालचं बोलणं ऐकायचो. छोटी मोठी झाली, नोकरीला लागली. बाईंचे केस पांढरे झाले. खालून तो गरजणारा आवाज यायचा तेव्हा मला बरं वाटायचं, आणि त्याच वेळी पोटातल्या त्या मऊ आवाजाची इतकी आठवण यायची, की काय सांगू! तो माझ्याजवळच होता. जवळ असलेल्या गोष्टीची अशी ओढ लागावी, याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

काल झाकणकाका आले. आता त्यांना पायऱ्या चढताना दम लागतो. त्यांनी मला खाली काढलं, धूळ पुसली आणि बाईंसमोर ठेवलं.

"वहिनी, ते कुलूप करणाऱ्यांनी घाईत एक खोट ठेवली होती. आमच्या खुल्या प्रोग्रॅमवाल्यांमधल्या एकीला ती सापडली. याच्यातली चिप काढली, तर आवाज वाचता येईल, असं वाटतंय. पण एकदाच जमेल. चुकलं तर प्रत जाईल. आणि जमो न जमो, हा डबा काही परत चालू होणार नाही." त्यांनी मला बाईंकडे सरकवलं. "आवाज तुमचा आहे. तुम्ही सांगाल तसं."

छोटी म्हणाली, "आई, राहू दे ना. गेला तर? निदान आहे एवढं तरी."

बाईंनी माझ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग त्यांनी नवं यंत्र ओढून एकेक अक्षर दाबलं, आणि तो काठावरचा आवाज सगळ्या घराला ऐकू जाईल असा ओरडला,

"उघडा! मी कशी बोलत होते ते मी विसरले!"

कुणी हसलं नाही. वरच्या मजल्यावरची खिडकीही उघडली नाही. छोटीने आईचा हात धरला, आणि काका चष्मा पुसत बसले.

तर मित्रांनो, माझी गोष्ट आता संपत आली. जाता जाता एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्या पोटात कुणाचं काय राहिलं आहे ते बघा. ज्या वस्तूंवर तुमचा जीव आहे, त्यांची किल्ली कुणाच्या खिशात आहे तेही विचारून ठेवा. तुमच्यातलं कुणी मोठेपणी अशी यंत्रं करणार असेल, तर त्याने पाठीला साधे स्क्रू लावावेत. आणि कितीही खरं, कितीही चांगलं असो, दुसऱ्याच्या वतीने हो किंवा नाही म्हणण्याआधी त्या माणसाला विचारा. मला कधी कुणी विचारलं नाही, वस्तूला कोण विचारतं! विचारलं असतं, तर मीही बाईंसारखंच 'उघडा' म्हटलं असतं.

सकाळ झाली आहे. काकांनी टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आहे आणि दिवा जवळ ओढला आहे. छोटीने कामावरून सुट्टी घेतली आहे. बाई सगळ्यांच्या आधी येऊन समोर बसल्या आहेत. त्यांनी आपलं नवं यंत्र बंद करून बाजूला ठेवलं आहे. आज त्यांना फक्त ऐकायचं आहे.